उपडी मडकी

मुलगा नको म्हणतो ते नवऱ्याने करायचं आणि बायकोने ते पदराआड झाकायचं, अशी कसरत हौसा गेले काही हिवाळे बिनबोभाट करत आली होती. तिला त्यात वावगं काही वाटत नव्हतं. दोघांनाही घरात सुखाने जेवायला बसवायचं तर कुणाला तरी खोटं बोलावंच लागतं, आणि ते काम आईवाचून दुसरं कोण करणार?

वळ गावाच्या मागे, खाडीकाठच्या खाजणात, जुन्या बांधाआड पाणी साठतं. थंडीत तिथे बदकं उतरतात. तिचा नवरा महादू ती बदकं हाताने धरायचा. दिवाळी सरली की पाच-सहा मडकी घ्यायची, तोंडं गच्च बंद करून खाली दगड बांधायचा आणि पाण्यात उपडी सोडून द्यायची. बदकं आधी लांब राहतात, मग सरावतात, मग मडक्यांना खेटून पोहायला लागतात. तशी ती सरावली की एका संध्याकाळी महादू आणखी एक मडकं डोक्यावर उपडं घालून गळ्याइतक्या पाण्यात शिरायचा. त्या मडक्याला डोळ्यांपुरती दोन भोकं असत. तसूतसूने सरकायचं, बदक हाताशी आलं की पाण्याखालून त्याचे पाय धरून गपकन खाली ओढायचं. शेजारच्या बदकाला पत्ता लागत नाही. आणि समजा पाखरं बिथरून उठलीच, तर जिथे असू तिथे दगडासारखं उभं राहायचं. घिरट्या घालून ती परत बसतात.

मुलाला, प्रितेशला, या सगळ्याची भयंकर लाज वाटे. घरच्या जमिनीवर गोडाऊन उभं राहिलं होतं, गळ्यात सोन्याची चेन आली होती, आणि बाप मात्र डोक्यावर मडकं घालून चिखलात! "एक दिवस ती मडकीच फोडून टाकतो, म्हणजे हे खूळ संपेल," असं तो जेवताना म्हणायचा. महादू मान खाली घालून भात कालवत राहायचा. साठी उलटलेली, थंडीत छाती कफाने भरणारी, पण ऐकेल तर शप्पथ.

त्या वर्षी डंपर अर्ध्या पाण्यात माती ओतून मोकळे झाले होते.

"पुढल्या साली हितं पत्र्याची शेड आसंल, हौसे," महादू दुपारी म्हणाला. "यंदा येकदा जाऊं दे मना. परितेसनं इचारलं तं सांग, शेलारला गेलाय हिरामणकडं."

"थंडी हाय. छाती भरंल."

"सांगशील ना पन?"

तिने सांगितलं. चार वाजता प्रितेश आला, आरशात बघून केस सारखे केले आणि सहज विचारलं, "आई, बाबा कुठंयत?"

"शेलारला गेलंत. हिरामणकडं."

"नक्की ना?"

"आता मी काय खोटं बोलतंय काय?"

तो हसला. "बरं झालं. एका पाहुण्याला जागा दाखवायचीय. मोठी पार्टी आहे. जेवायला थांबू नका." आणि गेला. पाहुण्याने बरोबर काय आणलंय हे त्याने सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही.

ऊन कलल्यावर हौसा गोधडी आणि कोरडं धोतर काखेत मारून बांधावर आली. महादू पाण्यातून निघाला की त्याचे दात वाजायचे, म्हणून ती तिवरांच्या झुडपांत बसून त्याची वाट बघायची. पाण्यावर मडकी होती. त्यांतलं एक तिचा नवरा होता, आणि कुठलं ते तिलाही कळत नव्हतं. कळलं नाही म्हणजे काम चोख चाललंय, असं ती एरवी समाधानाने मनाशी म्हणायची.

पलीकडे, डंपरांनी केलेल्या भरावावर, एक पांढरी गाडी येऊन थांबली. प्रितेश उतरला. त्याच्यामागून एक जाडसर माणूस उतरला आणि त्याने डिकीतून बंदूक काढली.

हौसा ताडकन उठली. शिकार बंद होऊन जमाना झाला, पण कायदा गाडीवाल्यांसाठी कधी होता? तो माणूस भरावाच्या कडेला बसून नेम धरू लागला. बदकं पाण्यावर, मडक्यांच्या मधोमध बसलेली. छर्रे सुटले की ते बदक आणि मडकं असा फरक थोडाच करणार!

"परितेस! आरं परितेस!" ती ओरडली. भरावावर जनरेटर धडधडत होता. वारा तिकडून इकडे येत होता. मुलाने घेऊन दिलेला मोबाइल घरी देव्हाऱ्याशेजारी रुमालात गुंडाळून ठेवलेला. आयुष्यात पहिल्यांदा तिला त्या डबडीची आठवण आली.

मग तिला एकच सुचलं. पाखरं उठवायची. पाखरंच नसली तर मारणार कशाला? तिने बांधावरची ढेकळं उचलली आणि फेकत सुटली, टाळ्या पिटल्या, गोधडी झाडली. सगळा थवा फडफडत एकदम उठला. एक बार झाला, पण वर, आभाळात. बदकं खाडीच्या दिशेने निघून गेली. हौसा मटकन खाली बसली. वाचले, वाचले गं बाय, असं ती मोठ्याने म्हणाली आणि हसली देखील.

पण पाण्यातलं एकही मडकं हललं नाही. हलणार कसं? मडक्यात डोकं घातलं की बाहेरचं धड काही ऐकू येत नाही. शिवाय पाखरं उठली होती. म्हणजे आता महादू दगड झाला होता. तिनेच त्याला केला होता.

पलीकडे पाहुणा वैतागून हात उडवत होता. प्रितेश त्याची समजूत घालत होता. मग त्याने पाण्याकडे बोट दाखवलं. हौसाला शब्द ऐकू येत नव्हते, पण जेवतानाचे त्याचे शब्द तिला पाठ होते.

पाहुण्याने बार काढला. बांधाजवळचं एक मडकं फुटलं. खापऱ्या उडाल्या, खाली नुसतं पाणी. हौसाला आनंद झाला, पण आता राहिलेल्या मडक्यांत तो होता.

ती पाण्यात शिरली. चिखलाने गुडघे धरले, लुगडं पायात गुंतलं. "न्हाय, न्हाय, परितेस, त्यांत बाबा हाय तुजा!" ती छाती फुटेस्तोवर ओरडत होती. उजेड जवळजवळ गेलाच होता. तिच्यामागे काळी तिवरं, त्यात तिचं काळं लुगडं. पाहुण्याने हसत बंदूक प्रितेशच्या हातात दिली. त्याचा पांढरा शर्ट तिला स्पष्ट दिसला. त्याने बंदूक खांद्याला लावली तेव्हा तो चांगला ऐटीत उभा होता.

"अंगावरचा पांढरा शर्ट मीच तर धुतलाय," एवढंच तिच्या मनात आलं.

बार झाला. मधलं मडकं फुटलं आणि खालून दोन हात वर आले.

मग जे झालं ते तिने पाहिलं नाही, ती फक्त पुढे ओढत गेली. ती पोचली तेव्हा प्रितेश आधीच पाण्यात होता आणि बापाला काखेत धरून उभा होता. बंदूक गाडीबरोबर केव्हाच पसार झाली होती. महादूच्या कपाळातून, गालातून रक्त वाहत होतं, डोळ्यांत खापऱ्यांची माती आणि रक्त. कमरेच्या दोरीला दोन बदकं लोंबत होती.

"मना काय दिसत न्हाय," तो म्हणाला. "कुनी मारली गं, हौसे?"

प्रितेशचे ओठ हलले. "बाबा, मी..."

"परका व्हता कुनीतरी," हौसा घाईने म्हणाली. दुपारी शेलारचं नाव घेतलं होतं, तितक्याच सहज. "गाडीतून पलाला मेला. आपला परितेस आयला धावून. त्यानं काढलं तुमाला."

प्रितेशने आईकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, ती पदराने नवऱ्याचं तोंड पुसत होती.

"तू व्हय?" महादूने चाचपडत मुलाचा हात शोधला. "मना वाटलं, रागावशील. बरा झाला, बाला, तू व्हतास."

त्या हाताला अजून बंदुकीच्या दारूचा वास येत होता. रिक्षा भिवंडीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत म्हाताऱ्याने तो सोडला नाही.