मधली खाच

मित्रांनो, मी एक जुनी मोजणीची फळी आहे. जरा लांबूनच ऐका. माणसांवर माझा चटकन विश्वास बसत नाही.

सुताराने माझ्या अंगात तीन खाचा कोरल्या: शतं, दहं आणि एकं. मी धान्याच्या कोठारात आले. ते एक बहीणभाऊ सांभाळत. भाऊ टोपल्या मोजताना खाचांत खडे टाके आणि मग खड्यांइतक्या रेघा कोळशाने दारावर ओढे. एखादी खाच रिकामी असेल, तर दारावर तेवढी जागा मोकळी सोडे. त्या काळी गाव माझ्या शब्दाबाहेर नव्हतं.

एकदा ताई सासरी गेली होती आणि पीक बेताचंच आलं. भावाने दारावर दोन रेघा ओढल्या, पुढे पाच. पण हात घसरला आणि मध्ये उगाच एका खाचेएवढी जागा सुटली. ताईने परतल्यावर वाचलं, दोनशे पाच. आत टोपल्या मात्र पंचवीसच.

"बाकीच्या कुठे गेल्या?"

"होत्या तेवढ्याच आहेत, ताई."

"दारावर तुझाच हात आहे. मला शेंडी लावू नकोस."

पाणी कुठेतरी मुरतंय, असं गाव कुजबुजू लागलं. टोपल्या सापडल्या नाहीत तर भावाने गाव सोडायचं, असं ठरलं. ताई किल्ली कमरेची काढीना. खडे मी पाहिले होते, पण मला विचारतो कोण? मला तर वाटलं, हिला भावाला घालवून कोठार एकटीला हवंय.

शेवटी ताईने शोधाशोध करताना एक टोपली उचलली. खाली मऊ जमिनीवर गोल कडं उमटलं होतं. तिने एकेक करत सगळ्या उचलल्या. प्रत्येकीखाली कडं होतं आणि उरलेली जमीन सपाट. तिथे कधी टोपली ठेवलीच नव्हती.

"मग मध्ये जागा का सोडलीस?"

"हात घसरला गं."

"आणि माझी जीभ," ताई म्हणाली आणि तिथेच रडली.

तिने मातीची एक कडी वळली. खाच रिकामी असेल तेव्हा तिच्यात ही ठेवायची आणि दारावरही असंच कडं काढायचं, असं तिने ठरवलं. भावाला ते पटेना.

"काहीच नाही, तर खूण कशाला? यातून उद्या नवाच घोळ होईल."

"काही नाही हेसुद्धा सांगावं लागतं. ही नव्हती म्हणून तू गावाबाहेर चालला होतास. हिला पूज्य म्हणायचं."

पुढे कागद आला आणि मी अडगळीत पडले. उंदरांनी माझा कोपरा खाल्ला. आता संग्रहालयात असते. इथल्या बाई सांगतात की रिकामी जागा दाखवायला कुणी मातीच्या विटेवर तिरक्या खुणा केल्या, कुणी शिंपला काढला, कुणी ठिपका दिला. म्हणजे घोळ सगळीकडेच झाले असणार, असा माझा संशय आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. आणि कुठे रिकामी जागा दिसली, तर चोर म्हणण्याआधी खाली वाकून जमीन बघा. माझ्या मधल्या खाचेत ताईची कडी अजून आहे. येणारे म्हणतात, यात काहीच नाही.