काचेमागचे कान

मित्रांनो, माझ्या नळीला आता बारीक चिरा पडल्या आहेत. कानात घालायची माझी एक बोंडी मूळची काळी, तर दुसरी कुठून तरी आणून बसवलेली राखाडी आहे. आणि छातीवर टेकवायच्या माझ्या चकतीवर इतके ओरखडे आहेत की विचारू नका. असा मी एक म्हातारा स्टेथोस्कोप. पण मला पाहून ‘अरेरे, बिचारा’ असं म्हणायला जाऊ नका हं. मी बिचारा होतो, पण कधी? तर जेव्हा मी कोरा करकरीत होतो तेव्हा!

खोटं वाटतंय ना? मग ऐकाच.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईंनी मला कानाला लावलं, चकतीवर एक टिचकी मारली, मान डोलावली आणि मला खोक्यात घातलं. बस, एवढीच काय ती टिचकी. पण ती ऐकून मी असा काही मोहरून गेलो म्हणून सांगू! मला वाटलं, आता जगातले सगळे आवाज आपल्याला ऐकायला मिळणार. प्रत्यक्षात काय मिळालं? आधी खोकं आणि मग काचेची पेटी.

आमच्या बेटांवरच्या इलोइलो शहरात मेडिकल कॉलेजसमोर मानांग कोन्सोर्सियाचं दुकान होतं. मानांग म्हणजे ताई. पण या ताईला तिच्या नातवंडांच्या वयाची मुलंही ताईच म्हणायची. पेटीची किल्ली तिच्या गळ्यात क्रुसाशेजारी लटकत असे. कॉलेज सुरू व्हायच्या सुमाराला नवे विद्यार्थी यायचे, काचेला नाक चिकटवायचे आणि काळा किंवा निळा स्टेथोस्कोप घेऊन जायचे. माझी नळी होती जांभळट लाल, पिकलेल्या जांभळाच्या रसासारखी. एक मुलगा म्हणाला होता की हा गळ्यात घातला तर पेशंटला वाटेल डॉक्टर नाचायला आलाय. सगळे हसले. मी कुठे तोंड लपवणार? चारी बाजूंनी काच!

बाहेर जीपनी नावाच्या प्रवासी गाड्या धावायच्या, भोंगे वाजायचे, माणसं भांडायची. मला सगळं दिसायचं आणि त्यातलं धड काही ऐकू यायचं नाही. ज्याचा जन्मच ऐकण्यासाठी झाला, त्याला याहून मोठा तुरुंग कोणता?

मग एका रविवारी प्रार्थना आटोपून दोघी मायलेकी दुकानात आल्या. मुलगी चेरिलिन, मेडिकलच्या पहिल्या वर्षाची. आई फेलिसा, गिम्बाल गावची. पानात गुंडाळून शिजवलेला चिकट भात, आमच्याकडचा इबोस, विकून घर चालवणारी. वडील मालवाहू जहाजावर, वर्षातून एकदा घरी. फेलिसा अगदी नटून आली होती. कडक लेसचं पोलकं, केसांना तेल, पायात नवे बूट.

चेरिलिनने काय केलं ठाऊक आहे? तिने रंग पाहिलाच नाही. एकेक स्टेथोस्कोप मागून घेतला, कानात घातला आणि डोळे मिटून स्वतःच्या छातीवर लावला. एकाची बोंडी टोचली. एकाची नळी कपड्याला लागली की खरखर करायची. मानांग कोन्सोर्सिया कंटाळून म्हणाली, “बाई गं, तू स्टेथोस्कोप घेतेयस की नवरा?”

“नवरा असता तर इतका वेळ नसता लावला,” चेरिलिन म्हणाली आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

मित्रांनो, किल्ली फिरली. मी बाहेर आलो. आणि मला पहिलं हृदय ऐकू आलं. लब्‌-डब्‌, लब्‌-डब्‌. किती साधं, किती ठणठणीत! चेरिलिनने डोळे उघडले आणि ती नुसती हसली. झाली माझी निवड.

“आता तुझं, नानाय,” असं आईला म्हणत तिने मला त्या कडक लेसवर टेकवलं.

लब्‌-स्स्स-डब्‌. लब्‌-स्स्स-डब्‌.

मी दचकलो. चेरिलिनच्याही कपाळावर आठी आली. काहीतरी सरसरतंय, असं ती म्हणाली. फेलिसाने पोलक्यावरून अभिमानाने हात फिरवला. म्हणाली, “सरसरणारच. असली लेस आहे ही, बाजारातली नाही.”

मानांगनेही मान डोलावली. कापडावरून ऐकलं तर कापडच ऐकू येणार, असं तिचं म्हणणं, आणि ते चूक नव्हतं. पहिल्या वर्षाच्या मुलीला आणखी काय कळणार? पण मला कळत होतं की लेस बाहेर होती आणि तो आवाज आतून येत होता. मला ओरडून सांगायचं होतं. पण माझा घडवणारा मला दोन कान देऊन थांबला, तोंड द्यायचं विसरला.

आता नाव कोरायचं होतं. फेलिसाला माझ्या चकतीमागे ‘डॉ. चेरिलिन गारिंगालाव’ असं हवं होतं. चेरिलिन म्हणाली की आत्ताच डॉक्टर म्हणवून घेतलं तर दृष्ट लागेल. शेवटी तोडगा निघाला. नाव कोरायचं, पण त्याच्या आधी ‘डॉ.’ मावेल इतकी जागा मोकळी सोडायची. त्यामुळे माझ्यावरचं नाव आजही एका अंगाला सरकलेलं आहे.

मला वाटलं, सुटलो. कसला सुटतोय!

फेलिसाच्या घरी सोफ्यावर प्लास्टिक होतं, टीव्हीच्या रिमोटवर प्लास्टिक होतं, जेवणाच्या टेबलावर लेसचं कापड आणि त्या कापडावर पुन्हा प्लास्टिक. आणि बैठकीच्या खोलीत होतं काचेचं कपाट. त्यात सौदीहून मावशीने पाठवलेले कप होते, ज्यांतून कोणी कधी एक घोट प्यायलं नव्हतं. चेरिलिनच्या लहानपणीची बाहुली होती, अजून खोक्यातच. त्या बाहुलीशेजारी मला ठेवण्यात आलं. चकतीवरचा पातळ प्लास्टिकचा पापुद्रासुद्धा तसाच.

चेरिलिन कुरकुरली. फेलिसाचं उत्तर एकाच शब्दाचं होतं, जे आमच्या बेटांवरच्या प्रत्येक आईच्या जिभेवर असतं. “सायांग.” म्हणजे वाया जाईल गं. पुस्तकं शिकायला जुना चालतो, शेजारच्या सुईणबाईंचा आणलाय मागून. खऱ्या पेशंटला हात लावशील, कॉलेजच्या चर्चमध्ये फादर स्टेथोस्कोपना आशीर्वाद देतील, त्या दिवशी हा काढायचा. बापाने बोटीवर घाम गाळून पाठवलेल्या पैशाचा आहे, असंही ती म्हणाली. सुईणबाईंचा खडूस स्टेथोस्कोप बॅगेत टाकून चेरिलिन शहरातल्या खोलीवर निघून गेली.

आणि मी परत काचेमागे.

पाहुणे आले की मला दाखवलं जायचं. हात कुणी लावायचा नाही. शेजारची लुर्देस एकदा म्हणाली, “फेलिसा, देवाच्या पायालासुद्धा हात लावू देतात गं.” फेलिसा म्हणाली, “देवाला ओरखडे पडत नाहीत.”

ती रोज दुपारी माझी काच पुसायची. त्यासाठी स्टुलावर चढायची. आधी एका दमात सगळं कपाट पुसून व्हायचं. मग मध्ये थांबावं लागायला लागलं. मग ती स्टुलावरून उतरून सोफ्यावर बसायची, प्लास्टिक करकरायचं आणि ती छातीवर हात ठेवून छताकडे बघत राहायची. तिचे बूट तिला घट्ट होऊ लागले. शनिवारी चेरिलिन यायची आणि विचारायची की दमलीस का. फेलिसा म्हणायची, वजन वाढलंय, तुझ्यासारखी जिने चढणारी कुठे आहे मी आता. आणि मुलीच्या ताटात आणखी भात वाढायची.

मित्रांनो, तेव्हाची माझी तडफड काय सांगू! माझ्यापासून हातभर अंतरावर ते हृदय होतं. मध्ये एक काच, एक प्लास्टिकचा पापुद्रा आणि एका आईचा हट्ट. मी तो आवाज ओळखत होतो. तो वाढत असणार हेही मला कळत होतं. आणि मी बाहुलीशेजारी शोभेला बसलो होतो. कधी कधी वाटायचं, भूकंप व्हावा, हे कपाट पडावं, काच फुटावी. मग माझीच मला लाज वाटायची, कारण कपाट पडलं असतं ते तिच्याच अंगावर.

दोन पावसाळे असेच गेले. अखेर तो दिवस उगवला. कॉलेजचं छोटं चर्च, पांढरे कोट, आमच्यावर शिंपडलेलं पवित्र पाणी. त्या कॉलेजची एक छान पद्धत होती. आशीर्वाद झाला की प्रत्येकाने पहिलं हृदय आपल्या आई किंवा वडलांचं ऐकायचं. फेलिसा तेच लेसचं पोलकं घालून आली होती. आता ते बाह्यांना घट्ट होत होतं.

चेरिलिनने मला हातात घेतलं आणि पापुद्र्याचं टोक शोधू लागली. फेलिसाने डोळे वटारले. आज नको, निदान फोटोत तरी हा कोरा दिसू दे. चेरिलिन थांबली आणि मला पापुद्र्यासकट लेसवर टेकवलं.

लब्‌-स्स्स-डब्‌.

“लेस,” फेलिसा हसून म्हणाली. फोटो निघाला. सगळे टाळ्या वाजवत होते. माझा धीर सुटला. परत तेच! आता परत काच, परत बाहुली.

पण चेरिलिनने मला कानांतून काढलं नाही. तिने चकती स्वतःच्या कोटाच्या कडक कापडावर टेकवली आणि ऐकलं, तर तिथे सरसर नव्हती. मग परत आईच्या छातीवर. मग ती आईचा हात धरून फादरच्या कपडे बदलायच्या खोलीत गेली. दार लावलं. आणि टर्रकन माझा पापुद्रा सोलून काढला.

“अगं, सायांग,” फेलिसा कळवळली.

“नानाय, वरची दोन बटणं काढ.”

कातडीचा ऊबदार स्पर्श मला पहिल्यांदाच झाला. आणि मी माझ्याकडे होतं नव्हतं ते सगळं तिच्या कानांत ओतलं. छातीवरून काखेपर्यंत तिने मला हळूहळू सरकवत नेलं. तिचा चेहरा उतरत गेला.

“जिना चढताना दम लागतो ना?”

फेलिसा बटणांशी चाळा करत राहिली. “लागतो.”

“कधीपासून?”

“सांगितलं असतं तर तू शिक्षण सोडून इबोस वळत बसली असतीस.” मग आवाज बारीक करून ती म्हणाली, “जेवण सांगितलंय सगळ्यांना, इंदाय, माझ्या पोरी. आजचा दिवस जाऊ दे. उद्या बघू.”

चेरिलिनने माझ्या बोंड्या आईच्या कानांत घातल्या आणि चकती तिच्याच छातीवर धरली. फेलिसा ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

“हे तर,” ती म्हणाली, “इबोसच्या पातेल्यातून वाफ सुटते तसं वाजतंय.”

“झाकण नीट बसत नाहीये, नानाय. दर ठोक्याला मागे गळतंय.”

आयुष्यभर पातेल्यापाशी उभं राहिलेल्या बाईला याहून जास्त समजवायची गरज नव्हती. तिने बटणं लावली. म्हणाली, “मग आजचं जेवण लोकांना जेवू दे. आपण दवाखान्यात जाऊ.”

पुढे मोठ्या शहरात शस्त्रक्रिया झाली, वडील बोट सोडून आले, लुर्देसने महिनाभर घर सांभाळलं. फेलिसाच्या हृदयाला धातूचं नवं झाकण बसलं. आता तिथे सरसर नाही, टिक ऐकू येतं. ती सगळ्यांना सांगते की मला घड्याळाची गरज उरली नाही.

आणि मी? मी वॉर्डात पडलो, घासलो, रक्तात माखलो, रिक्षात विसरलो गेलो आणि परत सापडलो. लहान बाळांची चिमुकली हृदयं ऐकली, थांबत जाणारी ऐकली. माझ्यावर ओरखडे पडले आणि प्रत्येक ओरखड्यागणिक मी आणखी जिवंत होत गेलो. तुमच्याही घरात कुठल्या तरी काचेमागे कोणीतरी वाट पाहत असेल, मित्रांनो. जपा, पण कोंडून नका जपू. काढा त्याला बाहेर, लागू द्या ओरखडे.

फेलिसाच्या कपाटात आता माझं रिकामं खोकं आहे. ते ती अजून पुसते. आणि नावाआधीची ती ‘डॉ.’साठीची जागा अजून मोकळीच आहे. चेरिलिन डॉक्टर होऊन किती काळ झाला. फेलिसा दर वेळी टोचून बोलते की मी एवढी जागा राखून ठेवली ती कशासाठी. चेरिलिन एकदा गेलीही होती मला घेऊन दुकानात. मानांग कोन्सोर्सियाने चष्म्यातून पाहिलं आणि म्हणाली, आज ठेवून जा, उद्या ने. आणि तिने पेटीची काच उघडली.

चेरिलिनने पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मला परत गळ्यात घालून ती दुकानाबाहेर पडली.