पळणाऱ्याची पिशवी

धनेश म्हात्रे धाटावच्या एका केमिकल कंपनीत सुपरवायझर होते. दिवसभर कंपनीची हवा खायचीच आहे, निदान सकाळची तरी नदीची खावी, म्हणून ते रोह्यात नदीकाठच्या रस्त्याने पळायचे. पन्नाशीला आलेल्या माणसाने एकदा तरी न थांबता काहीतरी पुरं करावं, एवढीच त्यांची महत्त्वाकांक्षा होती. त्यासाठी पेणच्या शर्यतीत त्यांनी नाव दिलं होतं.

तेवढ्यात लेक मनस्वी कॉलेजातून पर्यावरण शिकून आली.

"बाबा, तुम्ही नुसते पळता. निसर्गाला त्याचा काय उपयोग?"

निसर्गाला उपयोग व्हावा असं धनेशरावांना कधी सुचलं नव्हतं. वजन कमी व्हावं, एवढंच सुचलं होतं. पण लेकीने मोठ्या हौसेने कापडी पिशवी शिवून दिली, तेव्हा नाही म्हणवेना. ते पळता पळता रस्त्यावरच्या बाटल्या नि वेफर्सची पाकिटं उचलू लागले आणि परतताना घंटागाडीत टाकू लागले.

लोकांनी थोडे दिवस कौतुक केलं. मग एका सकाळी वाटेवरच्या म्हाताऱ्या काशीबाईंनी आपल्या फाटकाला घरच्या कचऱ्याची पिशवी अडकवून ठेवली.

"काशीबाई, मी व्यायामाला पळतो हो."

"मंग पळ की! कोन आडवलंय तुला? ही घेऊन पळ."

बघता बघता फाटकाफाटकाला पिशव्या लटकल्या. धनेशराव एक दिवस मुद्दाम दुसऱ्या रस्त्याने गेले. दुसऱ्या दिवशी पिशव्या दुप्पट, आणि काशीबाई फाटकातच उभ्या.

"काल खाडा केलास. बदली मानूस तरी पाठवायचा व्हता."

"स्पष्ट सांगून टाका ना," बायको दीपिका म्हणाली.

"काय सांगू? मी निसर्गाच्या विरोधात आहे म्हणून?"

आता पळणं उरलंच नव्हतं. दर फाटकापाशी थांबा होता. शर्यतीच्या दिवशी मात्र त्यांनी पिशवी घरीच ठेवली आणि मनस्वीला घेऊन पेण गाठलं.

पाय छान चालले. दम टिकला. मग पाण्याचं टेबल आलं आणि त्यापुढे रस्ताभर कागदी पेले. पाय पुढे जात होते, पण कंबर आपोआप वाकली. एक पेला उचलला, मग दुसरा. तिसऱ्याला एक स्वयंसेवक धावत आला.

"काका, आलात ते बरं झालं! केव्हाची वाट बघतोय."

"अहो, मी स्पर्धक आहे. हा बघा छातीवर नंबर."

"हो काका, यंदा सफाईवाल्यांनाही दिलेत," म्हणत त्याने भलीमोठी काळी पिशवी त्यांच्या हातात कोंबली आणि पसार झाला.

ती रस्त्यात टाकावी, तर लेकीला तोंड कसं दाखवायचं? घेऊन पळावं, तर पायात येते. धनेशराव पोचले तेव्हा मांडववाले शेवटची कमान सोडत होते. पदकांची खोकी टेम्पोत चढली होती.

"बाबा, तुम्ही पदकापेक्षा मोठं काम केलंत!" मनस्वीने पिशवीसकट त्यांचा फोटो काढला.

पिशवी कुठे टाकायची, हे त्यांनी चौघांना विचारलं. चौघांनी चार दिशा दाखवल्या.

परतीच्या एस्टीत ती पिशवी त्यांच्या मांडीवर होती. शेजारच्या बाईंनी केळं सोललं, इकडेतिकडे पाहिलं, पिशवीचं तोंड उघडलं नि साल आत सोडली. मागच्या सीटवरून एक हात रिकामी बाटली घेऊन पुढे आला.

धनेशरावांनी पिशवी जरा तिकडे वळवली.