कूलरपुढची गिटार

विहंगसरांनी परदेशात म्हणे गिटार बनवायचा कोर्स केला. तिथून आणलं काय, तर एक एप्रन, आणि इंग्रजी झाडायची, खांदे उडवायची सवय. नागपूरला सदर भागातल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये मी शिकायला लागले, तेव्हा मला हे सगळं भारी वाटायचं. आता नुसतं हसू येतं.

माझी पहिली गिटार नीट उतरली तर ते मला कामावर ठेवणार, असं ठरलं होतं. नंदनवनला घरी मी तसं सांगूनही मोकळी झाले होते. त्यामुळे तिच्या वरच्या पातळ फळीला मी जिवापाड जपलं. तासायची, टिचकी मारून आवाज ऐकायचा, परत तासायची. सरांचं लक्ष आरशात.

फळी चिकटवायच्या दिवशी त्यांनी कूलर लावला. मे महिन्यात नागपुरात कूलर कोण लावत नाही? पण ओल्या हवेत लाकूड फुगतं, आणि तसंच चिकटवलं की कोरड्या हवेत आकसून फाटतं. माझ्यासारख्या नवखीलाही एवढं कळत होतं.

"सर, कूलर बंद करा न," मी म्हटलं. "लाकूड पाणी पिऊन राहिलं."

मी अजून लहान आहे, आणि घामाघूम होऊन कला होत नसते, असं सरांनी मला समजावलं. कला म्हणे.

गिटार पूर्ण झाल्यावर मी ती कौतुकानं घरी नेली. आमच्याकडे नुसता पंखा. दुसऱ्याच दुपारी टक्कन आवाज आला आणि फळीला मधोमध चीर गेली. मी रडले. सरांना शिव्याही घातल्या, मनापासून.

ती घेऊन वर्कशॉपला गेले, तर कामठीचे गोपाळराव लेकीसाठी सरांची गिटार घ्यायला बसले होते. सरांनी त्यांना माझी चीर दाखवली. शिकाऊ पोरींचं हे असंच, यांचा हातच जड, असं सांगून मला उद्यापासून येऊ नको म्हणाले.

मी याच कूलरपुढे चिकटवलेली सरांची गिटार गोपाळरावांसमोरून उचलली आणि बाहेर व्हरांड्यात, सावलीतल्या खुर्चीवर ठेवली.

"काकाजी, दुपारभर राहू द्या इथं. मंग घेऊन जा."

सर धावत आले. इंग्रजी, खांदे, सगळं गळून पडलं.

"अंदर आण वं तिले, फुटन नं ती!"

म्हणजे माहीत होतं. सर अडाणी असते तर मी माफ केलं असतं. माणूस लबाड निघाला, तोही स्वतःला घाम येऊ नये म्हणून.

गोपाळरावांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्या गिटारच्या चिरेकडे, आणि पायात चपला घातल्या. सर तोवर गिटार पोटाशी धरून कूलरपुढे जाऊन उभे राहिले होते.