सातवा कोण, ते मला ठाऊक आहे

मी राऊटर बोलतोय. वैशाखऱ्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला लागून एक रिसॉर्ट आहे, त्याच्या काउंटरवरच्या फळीवर माझा मुक्काम. "वायफाय गेलं" म्हणत ज्याला सगळे शिव्या घालतात आणि बंद करून पुन्हा चालू करतात, तो मीच. आज मात्र नीट ऐकून घ्या, माझ्याकडे वेळ थोडा आहे.

मुरबाडच्या दुकानात चार महिने धूळ खात पडलो होतो. तिथून मला संदेशने आणलं. संदेश इथला मॅनेजर. फळीवर ठेवून त्याने मला उदबत्ती ओवाळली, तेव्हा मी अगदी फुलून गेलो होतो. आता त्या दिवसाची लाज वाटते.

माझं काम पोस्टमनचं. येईल त्या यंत्राला घर नंबर द्यायचा आणि निरोप पोचवायचे. पत्र फोडून वाचायचं नाही. पण कोण कुणाच्या दारात किती वेळा गेलं, हे पोस्टमनच्या लक्षात राहतंच की.

श्रावणात, गर्दीच्या दिवसांत, संदेशने मागच्या खोलीत भिंतीवर घड्याळ लावलं. त्या खोलीत वाडीवरच्या बाया घरचं लुगडं बदलून कामाचा ड्रेस घालतात. "तुमाला टाइम कळायला नको का?" असं म्हणाला. बाया खूश झाल्या. त्याच दुपारी ते घड्याळ माझ्याकडे घर नंबर मागायला आलं. मी दिला. घड्याळाला घर नंबर कशाला लागतो, हे विचारायची मला बुद्धी झाली नाही.

दसऱ्याला बायांनी झाडू, मिक्सर, इस्त्री सगळं मांडून पुजलं. चादरी धुणारी गंगी आमच्यात सगळ्यात हौशी. ती घड्याळापुढेही उभी राहिली. "हा बी आपल्याबरोबर राबतो ना गो, याला नको का फूल?" असं म्हणत तिने झेंडू खोचला आणि हळदीकुंकवाचं बोट नेमकं काचेच्या मधोमध टेकवलं. थोड्या वेळाने संदेशचा फोन नेहमीसारखा घड्याळाकडे गेला आणि लगेच परतला. मग संदेश स्वतः ओलं फडकं घेऊन मागे गेला. चहाचा कप कधी विसळला नाही या माणसाने! गंगी काउंटरवर येऊन कौतुकाने सांगत होती, "दादानं हातानं पुसलान घड्याळ." काचेवरचा डाग त्याला बाहेर बसून कसा दिसला, ते मला तेव्हा कळलं.

आज शनिवार. शनिवार-रविवारी काउंटरवर मनस्वी बसते. मुरबाडच्या कॉलेजात ती कॉम्प्युटर शिकते, आणि तिची आई जयश्री इथेच स्वयंपाकघरात आहे. दिवाळीच्या पाहुण्यांआधी वायफाय एवढं रडतंय का, ते बघ, असं मालकांनी तिला फोनवर सांगितलं. संदेश बाजाराला गेला होता. मनस्वीने लॅपटॉप उघडला आणि माझ्या वस्तीतलं एकेक दार ठोठावायला सुरुवात केली. एक नंबर, कोणी आहे का? दोन नंबर, कोणी आहे का? अशी अडीचशेच्या वर दारं, दोन मिनिटांत.

गंगी म्हणते, तिन्हीसांजेला रानात पहिल्या हाकेला ओ देऊ नये. आम्हा यंत्रांच्या जातीला हे कुणी शिकवलेलं नाही. जो जागा असेल तो ओ देतो.

मनस्वीच्या हिशेबाने फोन, टीव्ही सगळं धरून सहा जण असायला हवे होते. सात जणांनी ओ दिली.

मनस्वी थांबली. तिने पुन्हा मोजले. मग सातव्या घराच्या खिडक्या तपासल्या. त्यांना ही कॉम्प्युटर शिकणारी मुलं पोर्ट म्हणतात. एक नुसती लोटलेली निघाली, आणि ती कॅमेऱ्याची, चित्र पाठवायची खिडकी होती. पासवर्डची कडी होती ती कारखान्यातून आली तशीच, कुणीही काढावी अशी. मनस्वीने आत पाहिलं. गंगी केस सोडून बसली होती, पाठीमागच्या खुंटीला जयश्रीचं निळं पातळ.

मनस्वीने लॅपटॉप खाडकन मिटला. गंगीमावशीचं असलं चित्र आपल्या फोनात कशाला, म्हणून तिने फोटोसुद्धा घेतला नाही. कुठल्याही भल्या मुलीने हेच केलं असतं. धावत स्वयंपाकघरात गेली आणि आईला हात धरून काउंटरपाशी घेऊन आली.

जयश्रीच्या हातातलं पीठ तसंच होतं. "गप ऱ्हा. बाहेर बोललीस तर बायांचीच अब्रू जाईल. संदेशला सांग आधी, तो घरातला मानूस हाय."

इथली रीतच ही. घरातलं आधी घरातल्या मोठ्याला सांगावं. मी दिवे लुकलुकवत होतो, दुसरं मला येतं काय?

संदेश आल्यावर मनस्वीने त्याला सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता. "बरं केलंस, मला पहिलं सांगितलंस. कोण हाय ते बघतो मी. कुनाला बोलू नको."

"बरं दादा," ती म्हणाली. तिचा आवाज हलका झाला होता.

पाच वाजता बाया घरी निघाल्या. मनस्वी त्यांच्याबरोबर जीपसाठी रस्त्याला गेली. घड्याळ आता संदेशच्या पिशवीत आहे. आणि स्टुलावर चढून तो माझ्यापुढे उभा आहे, हातात सेफ्टी पिन घेऊन. माझ्या पाठीला एक बारीक भोक आहे. त्यात पिन घालून दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरली की मी कोरा होतो.

मनस्वी, तू मला विचारलंस, सातवा कोण. त्याच्या खिडकीशी रोज येऊन कोण उभा राहतो, हे विचारायचं राहिलं गं. एवढ्या फोनांत एकच फोन आहे तो. तारखा आहेत, वेळा आहेत, सगळं आहे माझ्यापाशी. जीप अजून आलेली नसेल. मागे फिर.

पिन आत गेली.

दोन मिनिटांत मी नव्याने जागा होईन. संदेशचा फोन पहिला येईल, मी त्याला घर नंबर देईन. उद्या सकाळी तू येशील आणि विचारशील. मी म्हणेन, मला काही ठाऊक नाही. आणि तेव्हा ते खरं असेल.