आतून लावायची कडी

मित्रांनो, घराच्या पुढच्या दरवाजाला रंग मिळतो, नावाची पाटी मिळते, घंटा मिळते. मी त्याचा गरीब भाऊ. मी बाथरूमचा जुना दरवाजा. माझ्या वाट्याला थापा आल्या. "अजून किती वेळ?" हे वाक्य माझ्यावर जितकं आदळलं तितकं गावातल्या दुसऱ्या कुठल्या लाकडावर आदळलं नसेल.

मला बनवलं तेव्हा सुताराने सांगितलं, "बाहेर जागा अरुंद आहे. हा बाहेर उघडला तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नाकावर बसेल." म्हणून मला आत उघडणारा बसवला. तेव्हापासून माझं सगळं आयुष्य वाफेत आणि शिंतोड्यांत गेलं. पाणी पिऊन फुगायचो, कोरड्या दिवसांत आकसायचो, बिजागऱ्यांत कुरकुरायचो. स्वस्थ बसणं माझ्या लाकडातच नाही.

घर टेलरबाईंचं. सगळी गल्ली त्यांना याच नावाने ओळखते. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, कापड बेतायचं टेबल आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाक. नवा कपडा अंगाला बसतो की नाही हे बघायला बायका माझ्याच आड जायच्या. बाई बाहेरून ओरडायच्या, "कडी लावा हो. निवांत बघा. काखेत काचतं का तेवढं सांगा." कडी लागली की आतली बाई सुस्कारा सोडायची. तो सुस्कारा मी फार ऐकला आहे. कुणी मला विचारलं, तुझं काम काय, तर मी तोच सांगेन.

मग एका सकाळी टेलरबाई आत पडल्या. डावं अंग एकाएकी लुळं पडलं आणि कडी लावायच्या आधीच त्या माझ्या पायाशी कोसळल्या. बाहेरून मुलगा ढकलत होता. मी आत उघडणारा, आणि आत त्या आडव्या. तो जितकं ढकलेल तितका मी त्यांना रुतत होतो. "आई, बाजूला हो," तो म्हणत होता. त्या कशा होणार बाजूला? शेवटी त्याने माझी खालची फळी फोडली आणि सुनेला त्या भोकातून आत सरकवलं.

मुलगा बस चालवतो. कधी कुठे घासूनसुद्धा गेला नाही, म्हणून त्याला ढाली मिळाल्या आहेत. बाथरूमलगतच्या भिंतीवर काचेच्या कपाटात त्या ओळीने मांडलेल्या असत. असा माणूस. त्याच्या आईला मी अडवून धरलं, ही गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना.

बाई चाकांच्या खुर्चीतून घरी यायच्या आधी त्याने रजा काढून घर बदललं. पायरी फोडून उतार केला. न घसरणारी फरशी टाकली. भिंतींना धरायचे दांडे ठोकले आणि त्यांना स्वतः लोंबकळून पाहिलं. कमोड उंच करून घेतला. काम चोख होतं. चूक झाली ती मापात. खुर्चीची रुंदी त्याने घेतली, चौकटीची घेतली. पण मी उघडून उभा राहिलो की माझी जाडी चौकटीतून वजा होते, आणि खुर्ची चालवणारा हात चाकाच्या बाहेर असतो, हे राहून गेलं. पहिल्याच दिवशी बाईंच्या उजव्या हाताच्या बोटांची सालटी निघाली.

"अरे, अंगाचं माप घेतलंस, बाहीचं राहिलं," त्या म्हणाल्या.

"होय ना. हा दरवाजाच मुळात नडतो," तो म्हणाला, आणि पेचकस आणायला गेला. तो जणू वाटच बघत होता.

त्याने मला काढलं. माझ्या जागी पडदा लावला. निळा, फुलाफुलांचा. शेजारी येऊन बघून गेले. "काय मुलगा आहे," म्हणाले. "आईसाठी घर उलटंपालटं केलं." ते खरंच होतं.

मला घरातल्याच बोळात भिंतीशी तिरका टेकवला. मित्रांनो, टेकवलेल्या दरवाजासारखी वाईट अवस्था नाही. ना आत, ना बाहेर. कुणी जवळून गेलं की मी थरथरायचो. पडदा वाऱ्याने उडायचा, आणि माझ्या अंगाला कळ यायची.

कारण तिथून मला सगळं दिसत होतं. पडद्यापासून गिऱ्हाइकांचा बाक हाकेच्या अंतरावर. बाई आत गेल्या की बाकावरच्या बायका गप्प व्हायच्या, मग मुद्दाम मोठ्याने बोलायला लागायच्या. आतून आवाज येऊ नये म्हणून बाई नळ सोडायच्या. मग त्यांनी आत जाणंच कमी केलं. मग पाणी पिणं. मग "हात चालत नाही हो" असं सांगून गिऱ्हाइकं परत पाठवायला लागल्या. उजवा हात उत्तम चालत होता. शिवणयंत्रावर चादर पडली.

"आईचं मन लागत नाही," मुलगा म्हणायचा.

बाईंना ताप आला, लघवीची जळजळ सुरू झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी भरपूर प्यायला द्या. सून पेले भरून ठेवू लागली आणि पेले रिकामे होऊ लागले. खिडकीतलं कुंडीतलं झाड मात्र सडायला लागलं. सुनेने कुंडीतली माती बोटाने चाचपली आणि सासूसमोर बसली.

"आई, झाडाला एवढी तहान कधीपासून लागायला लागली?"

सून उठून पडद्याकडे बघत राहिली. वाऱ्याने तो फडफडत होता.

रात्रीच्या जेवणाला मला परत बसवायचा विषय निघाला. "दरवाजा नाही," मुलगा म्हणाला. "पुन्हा पडलीस तर?"

"तर पडेन."

"असं कसं बोलतेस?"

"मग कसं बोलू? तुझ्या बसच्या दरवाजाला लाव पडदा आधी. प्रवाशांना सांग, घट्ट धरून बसा."

"आई, मी ती फळी फोडली तेव्हा तुझा हात दिसत होता फक्त," तो म्हणाला आणि ताट तसंच ठेवून उठला. दोघांचंही खरं होतं, आणि मी बोळात तिरका उभा.

तोडगा सुनेने काढला. तिने सुताराला बोलावलं. तो मला वाजवून बघत म्हणाला, "लाकूड खणखणीत आहे. बाहेरच्या बाजूने सरकता करू. चौकट सगळी मोकळी राहील, काकूंचा हात घासणार नाही. आत कुणी पडलं तरी हा बाजूला सरकेल. फक्त भिंत रिकामी पाहिजे."

भिंत म्हणजे ढालींची. सगळ्यांनी मुलाकडे पाहिलं. त्याने कपाट उघडलं आणि एकेक ढाल काढून पलंगाखाली ठेवली.

सुताराने कपाट उतरवलं, माझी फुटकी फळी बदलली, दोन्ही कडांना पट्ट्या जोडून मला रुंद केलं आणि रुळाला टांगलं. कडीवरून पुन्हा जुंपली. मुलाला कडी नकोच होती, बाईंना कडीशिवाय दरवाजा नको होता. शेवटी अशी कडी बसली की लावायची आतून, पण अडचणीला बाहेरच्या खाचेत नाणं घालून फिरवलं की उघडावी. मुलाने ती इतकी वेळा उघडून पाहिली की बाई म्हणाल्या, "झिजव आता. मग नवी आण."

मग त्या आत गेल्या. उजव्या हाताने मला ओढलं. मी सरकलो. कडी लागली.

बाहेर मुलगा उभा. आत पाणी वाजत होतं, मग थांबलं. बराच वेळ काही नाही. "आई?" त्याने हाक मारली. खाचेत नाणं टेकल्याचं मला कळलं. माझ्या एका अंगाला त्याचा श्वास आणि दुसऱ्या अंगाला बाईंचा. आणि बाईंचा मला ऐकू येत होता, त्याला नाही. मी दरवाजा. मला सांगता येईना.

"आई, झालं का?"

आतून तो जुना सुस्कारा आला. मग आवाज. "झालं की सांगेन. जा तू. गिऱ्हाइकं येतील, बाकावरचे कपडे उचल."

नाणं निघालं.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचे पाय थकले, हात थकले तर उतार करा, दांडे लावा, माप नीट घ्या. पण त्याआधी त्या माणसालाच विचारा, तुला कुठलं काम एकट्याने करायचं आहे? मग तेवढी जागा त्याला द्या, आणि तुमची भीती बाहेर घेऊन उभे राहा. ती जाणार नाही. इथे अजून गेलेली नाही.

हे सांगतानाच बाई आत गेल्या आहेत, कडी लागली आहे. पुढच्या खोलीत दोन बायका मापासाठी थांबल्या आहेत. बोळातून मुलाची पावलं येत आहेत, कामावर जायच्या कपड्यांत, घाईची. माझ्याशी थांबली. त्याने तळहात माझ्यावर ठेवला. थोडा वेळ ठेवला. मी जराही हललो नाही.

मग पावलं दूर गेली.