वाढीव रतिबाची साय

रुख्मिणीने वांग्याच्या भाजीत साय घातली, तेव्हाच मला कळलं की हिला आता कोणीतरी थांबवलं पाहिजे. आमच्याकडच्या वांग्याच्या भाजीला तिखट हवं, शेंगदाण्याचं कूट हवं, वर लाल तर्री हवी. ती भाजी पांढरट दिसत होती आणि चवीला ना धड गोड ना धड तिखट. माझा भाऊ गणपत ती मुकाट्याने जेवला. एरवी मीठ जरा कमी पडलं तरी ताट सरकवणारा माणूस, पण त्या दिवसांत त्याच्या पानात काहीही वाढलं असतं तरी त्याने पोळीला लावून खाल्लं असतं.

मी सुभद्रा, गणपतची मोठी बहीण. सावनेरला राहते. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, त्यामुळे नात्यात कुणाचं बाळंतपण निघालं की पहिला निरोप मला येतो. ज्यांची स्वतःची धुणी संपत नाहीत त्यांना कोण बोलावणार? एकाहत्तरच्या लढाईनंतरचं दुसरं-तिसरं वर्ष असेल. पौषात निरोप आला तो भाचीचा, प्रेमलतेचा. पहिलं बाळंतपण म्हणून ती रिवाजाप्रमाणे माहेरी, नागपूरला आली होती. मी दोन लुगडी घेऊन एसटीत बसले.

माझ्या येण्याआधीच रुख्मिणीने, म्हणजे माझ्या भावजयीने, नत्थूजी गवळ्याकडचा म्हशीच्या दुधाचा रतीब दुप्पट केला होता. दूध तापवायचं, निवलं की वरची जाड साय अलगद काढायची, बरणीत भरायची, आणि बरणी भरली की विरजण लावून लोणी काढायचं, तूप कढवायचं. बाळंतिणीच्या लाडवांना घरचंच तूप पाहिजे, बाजारच्या तुपाने कंबर भरून येत नाही, असं तिचं ठाम मत. डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे, सगळ्या लाडवांना पुरेल इतकं तूप डब्यात जमलंसुद्धा. गणपत येता-जाता डब्याचं झाकण उघडून वास घ्यायचा. दुधापेक्षा दुधावरची साय प्यारी, असं नातवंडांबद्दल म्हणतात. तो ते इतक्यांदा म्हणाला की मी एकदा त्याला गप्प बस म्हटलं.

प्रेमलतेला आठव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. घाईघाईने रिक्षा करून तिला सरकारी दवाखान्यात नेलं. मी घरी पाणी तापवत, देवाला दिवा लावत बसले. दुपारी मुलगी झाली आणि दिवेलागणीच्या आत गेली.

आमच्या लोकांत एक समज आहे. तोंड पाहिलं की माया लागते. जे मूल राहायचं नाही त्याचं तोंड आईला दाखवू नये. पाहिलंच नाही तर ती लवकर विसरते, पुढच्या खेपेला मन मोकळं राहतं. प्रेमलता गुंगीत होती. नर्सबाई गुंडाळलेलं बाळ घेऊन खाटेकडे निघाल्या, तेव्हा रुख्मिणी दारात आडवी झाली आणि म्हणाली, नका नेऊ. मग तिने ते बाळ गणपतच्या हातात दिलं. गणपत घाटावर जाऊन आला, दोघांनी घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं, आणि त्यानंतर घरात त्या मुलीचं कोणी नाव काढलं नाही. नाव तरी कुठे होतं तिला.

जावई, विश्वनाथ, दुसऱ्या दिवशी चंद्रपूरहून आला. भला माणूस, पण बोलायचं काय ते त्याला कळेना. बायकोच्या खाटेजवळ बसून तो आपल्या टोपीची घडी मोडत राहिला, परत घालत राहिला. नोकरीवर हजर व्हायचं होतं म्हणून संध्याकाळच्या गाडीने गेला.

तिसऱ्या दिवशी प्रेमलतेला घरी आणलं, आणि त्याच दिवशी तिला दूध उतरलं. पोर गेल्याचं अंगाला कोण सांगणार? चोळी भिजायची, छाती दगडासारखी व्हायची, ताप चढायचा. शेजारच्या पार्वतीबाई आल्या. या बाईंना विचारलं तरी सल्ला देतात आणि नाही विचारलं तरी देतात.

"फडकं घट्ट बांधा," त्या म्हणाल्या. "अन् तिले दूध, तूप, साय काईच देऊ नका. दुधानं दूध वाढते. कोरडी भाकर द्या, आपोआप आटन."

हे मलाही ठाऊक होतं. शेवटी माझ्याच हातांनी मी प्रेमलतेच्या छातीला फडकं बांधलं. तिने हात वर धरले. फक्त एवढंच विचारलं, "आत्या, कशी होती वं?"

"मी घरी होती बाई," मी म्हटलं. "तुह्या आईले माहीत."

पण आईला विचारायला गेली की आई उठून चुलीकडे जायची.

आणि दूध येतच राहिलं, नत्थूजीचं. तो सकाळी दुप्पट रतीब घालायचा आणि रुख्मिणी दुप्पट भांडं पुढे करायची. मी म्हटलं, "रुख्मिणी, गवळ्याले सांग नं, की आता पहिल्याइतकंच घाल म्हणून."

"कमी कर म्हटलं तं तो इचारन, काहून," ती म्हणाली. "मंग सांगा लागन."

मी सांगते म्हटलं, तर माझा हात धरून म्हणाली, "राहू द्या बाई." मग मीही तो विषय सोडला.

इतकं दूध तापवलं की साय येणारच. त्या थंडीत ती अशी जाड यायची की पोळीसारखी उचलावी. सरळ मार्ग म्हणजे विरजण लावून तूप करावं. पण तुपाचा तो भरलेला डबा तिने आधीच जाळीच्या अलमारीत मागे ढकलून त्याच्यासमोर पिठाचा डबा ठेवला होता. तूप कढवायला ती तयार नव्हती. म्हणून सायीची साय म्हणूनच वासलात लावायचं काम तिने हाती घेतलं. सकाळी साय-साखर पोळीवर. कणकेत साय घालून मऊ दशम्या. नारळाच्या वड्यांत साय, गाजराच्या हलव्यात साय, आणि तरी उरलीच म्हणून पाटवड्यांच्या रश्श्यात साय. गणपतच्या कोटाची बटणं लागेनात. मला तर उचक्या लागायच्या. आणि हे सगळं आम्ही खायचं. प्रेमलतेच्या ताटात मात्र ज्वारीची भाकर आणि तुरीच्या डाळीचं पातळ वरण. जिच्यासाठी हे सगळं मांडलं होतं ती कोरडं खात होती आणि ज्यांना काही गरज नव्हती ते सायीत लोळत होते. मला याचा राग यायचा. कुणावर काढावा ते कळेना, म्हणून मी नेहमीपेक्षा जोरात भांडी आपटायचे.

तशात साय कमी व्हायला लागली. सकाळी काठोकाठ भरलेली बरणी दुपारनंतर खाली गेलेली दिसायची. मी म्हटलं, मांजर. गल्लीत एक काळा-पांढरा बोका होताच, लाटणं दिसलं तरी न हलणारा. मी बरणीवर पाटा ठेवला. पाटा बाजूला काढलेला, साय गेलेली. गणपत म्हणाला, "बाई, तुह्या बोक्याले हात हायेत काय?"

एका दुपारी रुख्मिणी पाट्यावर मसाला वाटत अंगणात बसली होती. मी झोपल्याचं सोंग केलं आणि थोड्या वेळाने काठी घेऊन दबकत स्वयंपाकघरात गेले.

प्रेमलता जमिनीवर बसली होती. मांडीत बरणी, आणि बोटांनी साय खात होती. चवीने नव्हे. औषध घ्यावं तसं डोळे मिटून, गिळवत नसलेला घास गिळत. हनुवटीला साय लागलेली. मी दारात आहे हे दिसल्यावरही ती थांबली नाही.

"अवं पोरी, हे काय करून राहिली तू?" माझ्या हातातून काठी सुटली. "मागितलं असतं तं..."

"दिलं असतं काय?"

"आता नसतं दिलं. आटू दे आधी, मंग पाहिजे तेवढं खा."

"मले आटवाचं नाई," ती म्हणाली.

मला आधी समजलंच नाही. मी तिच्यासमोर बसले. तिने बरणी छातीशी धरली आणि हळूच म्हणाली, "आत्या, तुमी तोंड दाखवलं नाई. नाव ठेवलं नाई. घरात कोणी बोलत नाई. मले कधीकधी वाटते, झालीच नव्हती का काय. मंग हे भिजते, अन् मले समजते की झाली होती. तिच्यासाठी आलं हे दूध. हे आटलं तं माह्यापाशी काय राहाते?"

मला मूल नाही, पण म्हणून मी दगड नाही. मी तिच्या हनुवटीची साय पदराने पुसली.

मागे चाहूल लागली. रुख्मिणी दारात उभी होती, मसाल्याने लाल झालेले हात दोन्ही बाजूंना धरून. तिने सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता ओरडेल. तिने हात धुतले, एक वाटी घेतली, बरणीतली उरलेली साय तीत काढली, वर साखर घातली आणि चमच्यासकट मुलीसमोर ठेवली. "बोटानं नको खाऊ," एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून रोज सगळी साय प्रेमलतेची झाली. आम्हाला पुन्हा तर्रीवाली भाजी मिळू लागली. फडकं मीच सोडलं. पार्वतीबाईंना वास लागला, त्या सांगायला आल्या की हे तुम्ही उलटं करून राहिल्या. मी त्यांना म्हटलं, "तिचं अंग बाळंत झालं आहे नं? मंग बाळंतिणीचं खाणं ती खाईन." बाई आठ दिवस आमच्या दाराशी फिरकल्या नाहीत, तेवढाच आराम.

पण साय खाऊन दूध टिकत नाही. त्याला ओढणारं तोंड लागतं. हे मला ठाऊक होतं आणि रुख्मिणीलाही. आम्ही दोघी ते एकमेकींशी बोललो नाही. चोळी भिजणं कमी झालं, मग फक्त सकाळी, मग सकाळीही नाही. प्रेमलता वाट्यावर वाट्या साय खात होती, तिच्या गालांवर तजेला येत होता, आणि तिचा चेहरा दिवसेंदिवस अधिकच उतरत होता.

एका रविवारी ती न्हाऊन आली आणि ओल्या केसांनीच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली. रुख्मिणी दुधावरची साय काढत होती. गणपत बाहेरच्या खोलीत दाढी करत होता. मी तांदूळ निवडत होते.

"आई, आटलं," प्रेमलता म्हणाली.

रुख्मिणीचा चमचा दुधातच राहिला.

"आता तरी सांग. कशी होती ती? गोरी होती का सावळी? केस होते का? माह्यासारखी होती का त्याईच्यासारखी? एकदाच सांग. मंग मी कधीच इचारणार नाई."

रुख्मिणी तिच्याकडे बघत राहिली. मग तिथेच चुलीपुढे बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. मी तिला तिची आई गेली तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं.

"मले नाई माहीत वं," ती म्हणाली. "नर्सबाईनं हातात देली, तवा मी तिकडं तोंड केलं. भिंतीकडं. मले वाटलं, मी पाहीन तं मले माया लागन, अन् मंग तुले सांभाळाले मी कशी उभी राहू? मी पाहिलीच नाई. तुह्या बाबाच्या हातात देली अन् हात धुतले."

प्रेमलता उठून बाहेरच्या खोलीच्या दारात गेली. "बाबा?"

गणपतचा अर्धा चेहरा साबणाच्या फेसाने माखलेला होता. वस्तरा त्याने खाली ठेवला. "मी फडकं उघडलं नाई बेटा," तो म्हणाला. "घाटावरचा माणूस म्हणे, पाहून घ्या. मी म्हटलं, राहू दे." आणि मग, कोणी विचारलं नसताना, "गरम होती अजून. फडक्यातून लागे हाताले."

जगात एक मुलगी काही तास राहून गेली होती आणि तिच्या सख्ख्या माणसांपैकी एकानेही तिला पाहिलं नव्हतं. मायेला भिऊन आम्ही सगळ्यांनी तोंडं फिरवली होती, आणि माया तर प्रत्येकाला लागलेलीच होती. हे आमचं शहाणपण. मला आमच्या सगळ्यांची, त्या पार्वतीबाईंसकट, अशी चीड आली की निवडलेले तांदूळ न निवडलेल्यांत मिसळून गेले.

प्रेमलता परत आली आणि आईजवळ जमिनीवर बसली. मला भीती वाटली की आता ही काहीतरी बोलेल आणि ते जन्मभर पुसलं जायचं नाही. मग तिने आईचा पदर तोंडावरून काढला.

"मंग मलेच माहीत हाय ती," ती म्हणाली. "ऐक. दिवसा निजून राहे अन् मी आडवी झाली की जागी होये. मी संत्रं खाल्लं की उजव्या बाजूले लाथ मारे. दर खेपेले उजव्याच. नत्थूजीनं बाहीर कॅन आपटली की दचके. आत्यानं भांडी आपटली तरी दचके. तू मारुतीच्या आरतीले नेलं होतं नं, तवा घंटा वाजली अन् ती एकदम चूप झाली, घरी येईपर्यंत चूप."

रुख्मिणी डोळे पुसून ऐकत होती. गणपत फेस तसाच ठेवून दारात येऊन उभा राहिला होता.

"आणखी सांग," रुख्मिणी म्हणाली.

प्रेमलतेने आणखी सांगितलं. तिला उचकी लागायची, ते सांगितलं. विश्वनाथने पोटावर हात ठेवला की ती मुद्दाम हलायची नाही, ते सांगितलं. रुख्मिणी प्रत्येक वेळी म्हणायची, "आणखी सांग," आणि प्रेमलता आठवून आठवून सांगायची. पण पोटातल्या पोरीचं सांगायला असतं तरी किती? मी चुलीवर चहा ठेवला होता, तो उकळायच्या आत ते सगळं सांगून संपलं.